नात्यातले ग्राहक

नोकरीच्या जागी अचानक उगवलेल्या नातेवाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘चालू दे तुझं काम, मी बसतो इथे.’ काम बंद पाडण्याचा इतका खात्रीचा उपाय अजून कुठल्याही कामगार संघटनेला सापडलेला नाही. संपाची निदान आधी नोटीस द्यावी लागते. हा माणूस बिननोटीस येतो, समोरची खुर्ची ओढतो, पिशवी मांडीवर घेतो आणि आपल्याकडे बघत बसतो. आपण नोकरीत काही काम करत असू यावर घरात कुणाचा फारसा विश्वास नसतोच. त्यामुळे ते प्रत्यक्ष बघायला मिळतंय म्हटल्यावर तो हलत नाही.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत काउंटरवर बसतो. शाखा तालुक्याच्या गावची, आणि तालुका माझाच. घराजवळ बदली मिळावी म्हणून बँकेतली माणसं युनियनच्या नेत्यांना भेटतात, अर्जाला आईवडिलांच्या आजारपणाचे कागद जोडतात. मला ती न मागता मिळाली. ऑर्डर आली त्या दिवशी सगळ्यांनी अभिनंदन केलं. एका जुन्या सहकाऱ्याने मात्र माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. शाखा घराजवळ आली की घरही शाखेजवळ येतं, हा हिशेब त्याने आयुष्यात एकदा भोगलेला होता.

पहिला फटका नावाला बसतो. टोकनचं यंत्र एका शांत बाईच्या आवाजात ‘टोकन क्रमांक सत्तेचाळीस, काउंटर क्रमांक तीन’ म्हणत असतं. त्या आवाजाच्या वरताण दारातून हाक येते, ‘पिंट्याऽऽ!’ रांगेतली सगळी डोकी आधी दाराकडे आणि मग आत वळतात. आत चष्मा कपाळावर सरकवलेला, केस विरळ झालेला एक पन्नाशीचा गृहस्थ मान वर न करता मोजलेल्याच नोटा पुन्हा यंत्रात घालत असतो. पिंट्या कोण, हे मग कुणाला विचारावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी अडत्याचा भरणा घेऊन येणारा पोरगा मला ‘साहेब’ म्हणायच्या आधी क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यात सगळं येतं.

दुसरी अडचण, समोरच्या नातेवाइकाला काय म्हणायचं? आत्या खिडकीशी उभी आहे. ‘आत्या, पासबुक दे’ म्हटलं तर मागची रांग कुजबुजते, बघा, घरचीच माणसं आधी. ‘मॅडम, पासबुक द्या’ म्हटलं तर आत्या मागे वळून कोण मॅडम आल्यात ते बघते. म्हणून मी कुणाला उद्देशून काही बोलतच नाही. पासबुक द्यावं. सही इथे करावी. पुढच्या वेळी आधारकार्डाची झेरॉक्स आणावी. सरकारी मराठीचं हे वळण अशाच एखाद्या कारकुनाने, समोर आत्या उभी असताना, पाडलं असणार.

आणि डबा. विसरलेला डबा घेऊन घरचं माणूस आलं की ते बाहेर शिपायाकडे ठेवून जाईल ही आशा व्यर्थ असते. डबा हातातच द्यायचा असतो. कॅश काउंटरच्या काचेखालच्या फटीतून नोटांचं बंडल जातं, चेकबुक जातं, तीन पुडांचा स्टीलचा डबा जात नाही. आमच्या आईला एवढ्याने हार मानायची सवय नाही. तिने तिथेच डब्याची कडी काढली, पोळ्या आल्युमिनियमच्या कागदासकट आत सरकवल्या, मग भाजीचा पूड आडवा घालून पाहिला. तो अडला तेव्हा मागे उभ्या असलेल्या गॅस एजन्सीवाल्याने ‘काकू, तिरका करा’ असा सल्ला दिला. लोणचं त्यानेच आत दिलं. वर कॅमेरा सुरू होता. तिमाही तपासणीला आलेल्या ऑडिटरने ते चित्रण बघून, ‘खिडकीतून आत आलेल्या पिवळ्या पदार्थाची व्हाउचर दिसत नाही’, असं अगदी सरळ चेहऱ्याने मला विचारलं होतं.

या बाबतीतलं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १० मार्च २०१७ चं. दक्षिण कोरियात बुसानला राज्यशास्त्र शिकवणारे प्राध्यापक रॉबर्ट केली घरातल्या खोलीतून बीबीसीला थेट मुलाखत देत होते. तिथल्या राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांना महाभियोगाने पायउतार व्हावं लागलं होतं. विषय गंभीर, कोट-टाय व्यवस्थित, मागे नकाशा. तेवढ्यात दार उघडून पिवळ्या स्वेटरमधली त्यांची चार वर्षांची मुलगी हात उडवत, एखाद्या कार्यक्रमाचं उद्घाटन करायला यावी तशी आत आली. तिच्या मागून वॉकरमध्ये बाळ. त्या पाठोपाठ घसरत त्यांची पत्नी. तिने दोघांना ओढत बाहेर नेलं आणि गुडघ्यांवर बसून दार लावून घेतलं. हे सगळं चालू असताना केलींची नजर कॅमेऱ्यावर. फक्त एक हात मागे गेला आणि त्याने न बघता मुलीला बाजूला सारलं. जगभर लोकांनी तो तुकडा पोट धरून पाहिला. ते उठले नाहीत म्हणजे खाली पँट नसणार, अशीही चर्चा झाली. शेवटी जीन्स होती, असा खुलासा त्यांना करावा लागला. मला त्या हाताचं फार कौतुक वाटलं. समोरच्याशी बोलत राहून आपल्या माणसाला न बघता मागे सारायचं, ही काउंटरवरची मूळ विद्या आहे. केलींसमोर चार वर्षांची मुलगी होती म्हणून ते जमलं. आत्या असती तर तिने तो हात धरून आधी नाडी बघितली असती, आणि मग बीबीसीच्या निवेदकाला विचारलं असतं की याला एवढं वाळवलंय कुणी. पुढे करोनात सगळ्या जगाचाच केली झाला. त्यावर लिहून लिहून लोक दमले, ते सोडून देऊ.

नियम करणारी मंडळी मात्र पूर्वीपासून एकाच गोष्टीला घाबरत आली आहेत: समोर आपलं माणूस आलं की कर्मचारी पघळणार. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे की वकिलाने जवळचा नातेवाईक न्यायाधीश असेल तर त्याच्यासमोर वकिली करू नये. नियमात नात्यांची यादीच आहे. वडील, आजोबा, मुलगा, काका, भाऊ, पुतण्या करत ती सासूपर्यंत येते. सासूसमोर युक्तिवाद करू नये, हे वकिलांना लेखी सांगावं लागलं याचं मला नवल वाटतं. बाकीच्या विवाहित पुरुषांना ते अनुभवाने कळतं.

माझा अनुभव या भीतीच्या बरोबर उलट आहे. आपलं माणूस समोर आलं की कर्मचारी कडक होतो. चार लोक बघतायत, आपण निःपक्षपाती आहोत हे दाखवायला याच्याइतकी चांगली संधी पुन्हा मिळणार नाही, असं त्याला वाटतं आणि मग नियमात नसलेलेही कागद तो मागू लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्याचे वडीलच गुरुजी होते अशा कुठल्याही मुलाला विचारा. गोंधळ सगळ्या वर्गाने केला तरी पहिली छडी त्याला. वर्गात ‘बाबा’ म्हटलं तर दुसरी. आमच्या वर्गात असा एक होता; त्याला ‘सर’ म्हणायची इतकी सवय लागली की घरी पंगतीतसुद्धा तो ‘सर, जरा मीठ’ असं म्हणायचा, आणि वडील त्याला बोट वर करायला लावायचे.

क्रिकेटमध्ये तर याचे दाखले स्कोअरकार्डासकट आहेत. २००६ मध्ये नैरोबीला केनिया-बांगलादेश एकदिवसीय सामन्यात केनियाचा हितेश मोदी फलंदाजी करत होता आणि पंच होते सुभाष मोदी, त्याचे वडील. पायचीतचं अपील झालं आणि वडिलांनी बोट वर केलं. घरी त्या संध्याकाळी कोण कुणाशी बोललं ते स्कोअरकार्डात नाही. दुसरा दाखला ऑगस्ट २०२० चा, मँचेस्टरच्या कसोटीतला. करोनामुळे तटस्थ देशांचे सामनाधिकारी आणणं अवघड झालेलं, म्हणून सामनाधिकारी यजमान देशाचेच: इंग्लंड-पाकिस्तान सामन्याला ख्रिस ब्रॉड. इंग्लंडचा स्टुअर्ट ब्रॉड पाकिस्तानच्या यासीर शाहला बाद केल्यावर काहीबाही बोलला. ख्रिसरावांनी आपल्याच चिरंजिवांच्या मानधनातले १५ टक्के कापले आणि वर एक डिमेरिट गुण दिला. यंदा बाबांना नाताळचं कार्डही नाही आणि भेटही नाही, अशा अर्थाचा विनोद करून मुलाने विषय संपवला. मुलाच्या पगारातले पैसे काढून घेणारे वडील आपल्याकडेही आहेत, पण आपल्याकडे ते पैसे निदान घरात राहतात.

एसटीच्या कंडक्टरचं तर बघायलाच नको. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. मुलाच्याच गाडीत बसलेली आई पंचाहत्तरीची असेल तर तिच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, पण शून्य रुपयांचं तिकीट फाडायचं आणि त्याआधी आधारकार्डावरचं वय बघायचं. आमच्या ओळखीच्या एका कंडक्टरने भर गाडीत आईकडे आधारकार्ड मागितलं. ती म्हणाली, ‘माझं वय तुला ठाऊक नाही? तुझ्या वयात एकवीस मिळव.’ गाडीने हिशेब केला. त्यात कंडक्टरचं वय फुटलं, आणि नेमकी त्याच गाडीत, त्याने जिला चार वर्षं कमी सांगितलं होतं ती नर्सबाई बसलेली होती.

वास्तविक नातेवाईक आमच्याकडून जो भ्रष्टाचार अपेक्षितात तो इतका किरकोळ असतो की केला तरी कुणी पकडायला येणार नाही. त्यांना कर्ज बुडवायचं नसतं. त्यांना जानेवारीत बँकेचं कॅलेंडर हवं असतं, तेही दोन, एक देवघरापाशी लावायला. आणि लग्नसराईत दहाच्या कोऱ्या नोटांचं बंडल. कोऱ्या नोटा हा बँकेतल्या माणसाच्या नात्यांचा पाया आहे. ज्याच्या हाताने कोऱ्या नोटा येतात तो कर्तबगार. ज्याच्या हाताने येत नाहीत तो, ‘असतो बाबा बँकेत, पण काही उपयोगाचा नाही.’ मी दुसऱ्या वर्गात मोडतो. हल्ली आमचे नातेवाईक शहाणे झालेत. ते शाखेत येतात, मला लांबून हात करतात आणि चार नंबरच्या काउंटरवर जातात. तिथली मुलगी नवीन आहे, गोड आहे आणि तिला आमच्यापैकी कुणीही नातं लावू शकत नाही. तिच्याकडे सगळ्यांची कामं पाच मिनिटांत होतात.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता मात्र अचानक मी उपयोगाचा ठरलो. पाचशे आणि हजारच्या नोटा गेल्या आणि ज्यांच्या लग्नपत्रिकाही आम्हाला येत नव्हत्या असे नातलग फोनवर तब्येत विचारू लागले. काउंटरवर नोटा बदलून द्यायची मर्यादा आधी ४,००० होती, मग ४,५००, मग २,०००, आणि २४ तारखेनंतर बदलणंच बंद. रोज नवं परिपत्रक. सकाळी पाठ केलेला नियम संध्याकाळी खोटा. त्या गर्दीत एके दिवशी मामी आल्या. खिडकीला तोंड लावून म्हणाल्या, ‘मामांना कळता कामा नये.’ पिशवीत डाळीच्या डब्यांतून वर्षानुवर्षं बाजूला काढलेल्या पाचशेच्या नोटा. त्यांना अजून मेथीदाण्याचा वास होता. मी मर्यादा सांगितली. ‘मग बाकीचे?’ खात्यात भरा म्हटलं. ‘खातं मामांबरोबर जॉइंट आहे,’ मामी म्हणाल्या, आणि त्या जॉइंटमध्ये त्यांच्या सगळ्या संसाराचा सारांश आला. शेवटी थोड्या नोटा बदलून दिल्या, बाकीच्यांसाठी त्यांच्या एकटीच्या नावाने खातं उघडलं.

मग मामा आले. खिडकीला तोंड लावून म्हणाले, ‘मामीला कळता कामा नये.’

त्याच दिवसांत एक नवा हुकूम आला होता: एकच माणूस पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून नोटा बदलून घेणाऱ्याच्या बोटाला शाई लावायची. सगळीकडे ती पोचली नाही. आमच्या शाखेत नेमकी पोचली. उजव्या हाताच्या तर्जनीला, कारण मतदानाची डाव्या हाताला असते. मामामामींचं जेवण एकत्र, दोघंही उजव्या हाताने जेवणारे. मामांनी म्हणे, बोट का काळं असं विचारल्यावर, सोसायटीच्या निवडणुकीचं मतदान करून आलो असं सांगितलं. मतदानाची शाई कुठल्या हाताला असते हे मामींना चांगलं माहीत होतं, पण तेव्हा त्यांचा स्वतःचा उजवा हात पदराखाली होता आणि त्या चमच्याने भात खात होत्या.

पुढे एका लग्नात दोघांनी मला वेगवेगळं गाठलं. बँकेत लागताना आम्ही निष्ठा आणि गोपनीयतेच्या घोषणापत्रावर सही केलेली असते. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यातच तशी तरतूद आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बडे खातेदार, आयकरवाले असं काहीतरी असणार. त्याची खरी कसोटी मामी अक्षता हातात घेऊन विचारतात तेव्हा लागते, ‘मामांनी काही आणलं होतं का रे?’ मी म्हटलं, ‘खातेदाराची माहिती देता येत नाही.’ मामींनी मान डोलावली. मामांना तेच उत्तर दिलं, त्यांनीही डोलावली. नसतं आणलं तर मी सरळ नाही म्हणालो असतो, एवढं दोघांना कळतं. गोपनीयता पाळून दोन्ही गुपितं फोडण्याचा हा प्रकार कुठल्या परिपत्रकात बसतो ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पण या सगळ्या लोकांना मी हसत हसत सहन करीन. मला खरी धास्ती आहे ती काकांची. काका पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि आमच्याच घरात माडीवर राहतात. बाकीचे नातेवाईक काउंटर म्हणजे घराचा ओटा समजतात. काका घरालाही कार्यालय समजतात. दर नोव्हेंबरात राज्य सरकारच्या निवृत्तांची यादी कोषागाराकडून बँकेत येते. आपण हयात असल्याबद्दल प्रत्येकाने येऊन आपापल्या नावासमोर सही करायची. आलं नाही तर पुढचं पेन्शन थांबतं. सकाळी माझ्यासमोर बसून दुसरा चहा मागून घेतलेले काका अकरा वाजता इस्त्रीचा सदरा घालून शाखेत आले, टोकन घेतलं आणि रांगेत उभे राहिले. मी खुणेने खुर्ची दाखवली. त्यांनी मला ओळख दिली नाही.

त्यांच्या पुढे आत्या होती, त्यांची सख्खी धाकटी बहीण. तिने पासबुक आत सरकवलं आणि प्रिंटर करकरत होता तेवढ्यात पाहुण्यांकडचं एक स्थळ का मोडलं ते सविस्तर सांगितलं. ती गेली. काका पुढे आले.

‘नमस्कार, साहेब. निवृत्तिवेतनधारकांची यादी प्राप्त झाली आहे का?’

‘काका, द्या ना, मी घरीच...’

‘कृपया ओळखपत्र पाहून घ्यावं.’

मी ओळखपत्र घेतलं. फोटो बघितला, काकांकडे बघितलं. मागच्या रांगेतले सगळे निवृत्त आमच्याकडे बघत होते. ‘हे आपणच का?’ मी विचारलं. ‘होय,’ काका म्हणाले. यादी पुढे केली. दोरीने बांधलेलं पेन त्यांनी उचललं, कागदावर टेकवलं, दोनदा गोल फिरवलं. उमटलं नाही. त्यांनी ते पेन बराच वेळ डोळ्यांजवळ धरून पाहिलं, जागेवर ठेवलं, खिशातलं स्वतःचं काढलं, सही केली आणि ते पुढच्या नोव्हेंबरपर्यंत अधिकृतरीत्या जिवंत झाले. मग मॅनेजरच्या केबिनबाहेर जाऊन त्यांनी तक्रार-पुस्तिका मागितली.

तक्रार सुवाच्य अक्षरात, मुद्देनिहाय होती. एक: काउंटर क्रमांक तीनवरील कर्मचारी कामाच्या वेळेत एका महिला ग्राहकाशी विवाहविषयक खासगी संभाषण करत असल्याचं निदर्शनास आलं. दोन: ग्राहकांच्या सोयीसाठी बांधलेल्या पेनात रिफिल नाही. खाली पूर्ण नाव, पत्ता. पत्ता आमचाच.

तक्रारीला लेखी उत्तर द्यावं लागतं. मसुदा मी केला, कारण असे मसुदे मीच करतो. सही मॅनेजरनी केली, बराच वेळ तोंडावर रुमाल धरून. ‘महोदय, आपल्या तक्रारीची गांभीर्याने दखल घेण्यात आली असून संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात आली आहे.’ शाखेच्या दारातून आमच्या घराची गच्ची दिसते, पण नियमाप्रमाणे पत्र स्पीड पोस्टाने गेलं. ते आधी जिल्ह्याला गेलं, तिथे मुक्काम केला आणि मग परत आमच्या गल्लीत आलं. पोस्टमनकडे सही आईने केली, आणि लिफाफ्यावर बँकेचा शिक्का बघून, याला कामावरून काढलं की काय म्हणून देवासमोर ठेवला.

रात्री जेवताना काकांनी ताक संपवलं, चष्मा लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘पत्र मिळालं. मुद्दा क्रमांक दोनचं उत्तर त्यात आलेलं नाही.’

मी म्हटलं, ‘त्यासाठी कामाच्या वेळेत शाखेत यावं लागेल.’

‘येतो ना,’ काका म्हणाले, ‘परवा तू डबा विसरशील तेव्हा.’